बाजारच्या दिवशी

तिच्या बोलीत ळचा र होतो.
"एक गोरी दे ना बापू, पिवरीवाली. बोटं वरत नाही."
सायत्रा निपाने काउंटरवर हात ठेवते.
हात म्हणजे पाच कोसले,
सकाळी दहापर्यंत एकही उकलत नाही.
चाळीस वर्षं मांडीवर कोशाचा धागा वळला तिने.
मांडीचं कातडं गुळगुळीत, पेरं गाठाळ.

मोटरसायकलवर येणारा एक जण
पुडीत तीन गोळ्या बांधून द्यायचा:
पांढरी, पिवळी, आणि एक बारकी, जिला नाव नव्हतं.
तिसऱ्या दिवशी सायत्रा हातपंप मारत होती.
महिन्याभरात तोंड पुरीसारखं टम्म.
बायका म्हणाल्या, सुधरली वं, गोरी खाऊन गोरी झाली.
ती हसली. मीही हसलो.
बारकीचं नाव मला माहीत होतं.

ती आग विझवते, खरंच विझवते,
पण पाणी आणते घराच्याच भिंतींतून.
न्हाणीच्या एका पायरीवरून पाय निसटला
आणि मनगट मोडलं, वाळल्या तुऱ्हाटीसारखं.
बरं, एकदम सोडताही येत नाही.
इतके दिवस आयतं मिळालं
की शरीर स्वतःचं स्वतः करायचं विसरतं.
अर्धी, मग पाव, मग पावाचीही अर्धी,
डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम
ब्लेडने कापून देत होतो मी.

पिवळीचं वेगळं.
ती दुखण्याचा निरोप्या वाटेतच अडवते.
पण पोटाच्या आतलं सारवणही
त्याच निरोप्याच्या हातचं.
त्याला घरी बसवलं, आतून पोपडे सुटले,
परसाकडे डांबरासारखं काळं.

हेच औषध माझ्या बापाने
लंगड्या बैलाला टोचून घेतलं होतं.
बैल तरीही मेला. हाडकीवर ओढून टाकला.
तेव्हा गिधाडं उतरायची.
दोन दिवसांनी अर्जुनाच्या झाडावर
माना खाली घालून बसलेली पाहिली मी,
शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी.
मग एकेक खाली पडलं.
त्यांची मूत्रपिंडं गेली होती, हे डी. फार्मला कळलं.
परीक्षेत दोन मार्कांना होतं.
आता हाडकीवर कुत्रे असतात.

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात दुखण्याला नाव मिळालं:
आपलेच राखणदार आपल्याच वावरात शिरलेले.
त्यांचा खुराक तोडणारी गोळी
आठवड्यातून एकदा. एकदाच.
सायत्राला अक्षर येत नाही. मी हुशारी केली:
"बाजारच्या दिवशी घेजो. बाजारातून आल्यावर."
त्या रात्री स्वतःवर खूश होऊन जेवलो.

सव्वा महिन्याने आली, तोंड मिटून.
ओठांच्या आत फोड, पाण्याचा घोट जाईना,
अंग तव्यासारखं.
"किती घेतल्या?"
"तू सांगतलास तशाच. आपला बुधवारचा बाजार.
मंग कोसा विकाले जातो तो शनवारचा.
न् बहिणीच्या गावचा सोमवारचा."

मला एक बाजार माहीत होता. तिला तीन होते.

अकरा दिवस भंडाऱ्याला.
पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, हळूहळू वर आल्या.
मी डबा घेऊन जायचो, खुर्चीच्या कडेवर बसायचो.
तिने मला शब्द लावला नाही.
एवढंच म्हणाली,
"तुया दवाईले आमचे बाजार मालूम नाही, बापू."

आता पुन्हा तीच गोळी, कमी मापाची.
दर महिन्याला रक्त तपासणी.
फक्त बुधवारी, फक्त माझ्या काउंटरवर, माझ्यासमोर.
मूठ पूर्ण मिटत नाही अजून,
एक लिंबू मावेल एवढी उघडी राहते.

काल सवयीने मी पत्ता फोडायला घेतला.
"थांब," म्हणाली.
अंगठा टेकवला. घसरला. पुन्हा घसरला.
तिसऱ्यांदा चंदेरी कागद फुटल्याचा बारीक आवाज झाला
आणि गोळी गरगरत
वजनकाट्याखाली गेली.

दोघंही वाकून शोधत होतो.
गिऱ्हाइकं थांबली होती.